खांद्याचा पट्टा

आमचा मेहुणा दिगंबर म्हणजे नुसती गरीब गाय हो! कायम खांदे पाडून, मान खाली घालून चालणार. हिंगोलीकडच्या गोरेगावला दोघा भावांत एकच विहीर. पाण्याची पाळी मागायला हा गेला की थोरला दारातूनच खेकसायचा, "आमचंच भिजायचं राह्यलंय अजून, जाय." हा मुकाट्यानं परत. इकडं गहू पिवळा पडत चाललेला. माझं तर डोकं फिरायचं.

त्यात हा मोटारसायकलवरून पडला. गळ्याखालचं आडवं हाड मोडलं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी खांदे मागं ओढून धरणारा पट्टा सदऱ्याच्या आतून आवळून बांधला. गडी जन्मात पहिल्यांदा छाती काढून उभा राहिला!

संध्याकाळी तसाच गेला थोरल्याकडं. थोरल्याला पडल्याचा पत्ताच नव्हता. मान खाली घातली की कळ निघायची, म्हणून दिगंबर सरळ त्याच्या डोळ्यांत बघत राहिला. बोललं तरी दुखायचं, म्हणून एवढंच म्हणाला, "पाणी पाहिजे."

थोरला गडबडलाच. "घे ना बापा, उद्या तूच मोटर लाव. येवढा काहून तापून राहिला?"

दीड महिन्यानं मी त्याला परत दवाखान्यात नेलं. डॉक्टर खूश. "हाड छान जुळलंय. काढून टाका पट्टा."

दिगंबरनं पट्टा घट्ट धरला अन् माझ्याकडं वळला. "दाजी, तुमी तरी सांगा साहेबाला. पट्टा राहू द्या म्हणा, गव्हाचे अजून दोन पाणी बाकी हायेत."