खिमटाची मालकीण

...आणि गाडी तरी कुठं लावावी, तर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, बरोबर खाली, म्हणजे मी कुकर लावायला गेले की आधी ती पांढरी गाडी दिसणार आणि मग शिट्टी होणार. वरच्या मजल्यावरच्या श्रेयाची गाडी. नवी. तुम्ही म्हणाल, घेतली असेल बिचारीनं, तुझं काय जातं? काहीच जात नाही. जळत नाही मी, नुसता विचार करते.

विचार असा, की ती गाडी ज्या खिमटावर आली ते खिमट माझं आहे. खिमट म्हणजे तेच हो, बाळाला सहाव्या महिन्यात देतात ते, तांदूळ आणि मूगडाळ धुवून, सुकवून, भाजून, जिरं-ओवा घालून दळलेलं. आमचा शिवम आणि तिची लेक एकाच महिन्यातले. मी एमएस्सी झालेली, त्यात स्वभाव असा की शिवम दोनदा शिंकला की मी तीन डॉक्टरांना फोन करणार, त्यामुळं तांदूळ किती भाजायचा यावर मी जेवढा विचार केलाय तेवढा लोक घर घेताना करत नाहीत. श्रेया खाली आली, एक चमचा खाल्ला, म्हणाली, "अगं, हे विकूयात ना." मी हसले. हसले म्हणजे... तिला डबाभर फुकट दिलं, वर कृतीही सांगितली. तिनं पाकिटं केली. आज चिकलठाण्यात तिचं पत्र्याचं शेड आहे, बाया कामाला आहेत, माल पुण्याला जातो. पाकिटावर जे बाळ हसतंय ते तरी शिवम असावं की नाही? नाही. जळत नाही मी, नुसता विचार करते.

त्यात मध्यंतरी विश्वजीत, माझा नवरा, कंपनीतून आला, सोफ्यावर आडवा झाला आणि मोबाईलवर चर्चा लावली, काही काही देशांत तिथलीच माणसं उद्योग काढून श्रीमंत का होत नाहीत म्हणून. तीन तज्ज्ञ, तिघांनाही टाय. एक म्हणे भांडवल नाही, दुसरा म्हणे धोरण नाही, तिसरा म्हणे वीज नाही. आता तुम्हीच सांगा, ह्यांनी कधी आमच्या कन्नड गावी येऊन एखादं लग्न जमताना बघितलंय का? "मुलगा काय करतो?" "स्वतःचं वर्कशॉप आहे, हाताखाली बारा माणसं आहेत." "हां, म्हणजे अजून काही करत नाही." आणि त्याच बाराजणांतला एखादा मोठ्या कंपनीत पर्मनंट लागला की त्याला आधी मुलगी, मालक आपला त्याच्याच मंडपात पंगतीला वाढतोय. कुठून येणार उद्योजक? मालकाचं लग्न झालं तर पुढची पिढी ना?

आणि तज्ज्ञांना एवढं फिरायची गरजच नव्हती, उत्तर आमच्या हॉलमध्येच बसलेलं होतं, शेंगा फोडत. माझ्या सासूबाई, वच्छलाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. दोन वर्षांपूर्वी मी नुसतं म्हणून बघितलं होतं, श्रेयाबरोबर मीही करू का, तर म्हणाल्या, "व्हय, आता पीठ इकायचंच ऱ्हायलं होतं. अगं, आपल्या घराण्यात तागडी कुणी धरली नाय. लोकं काय म्हणतील?" झालं. बुडाला देश. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलेय, मी कुठल्या कुठं गेले असते, पण आत्या. माहेरी सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, आज तुम्हालाही एवढंच सांगून उठले असते...

पण गेल्या आठवड्यात श्रेया खाली आली. चप्पल दाराबाहेर काढून, पूर्वीसारखी. म्हणाली, "मला दुसरं शेड घ्यायचंय. तू निम्मी भागीदार हो. खिमट तुझंच आहे गं, मला रोज टोचतं ते." असं कुणी बोललं की माणसाला धड जळताही येत नाही. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. मनात म्हटलं, आत्या आहेतच.

विश्वजीत म्हणाला, "हो म्हण. हप्ते माझ्या पगारात भागतात." ठीक आहे, तो नवरा, त्याला काय कळतं. मी आत्यांकडं बघितलं. आत्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"कर की."

"आत्या, पण तागडी..."

"असू दे तागडी. तिची सासू दर सोमवारी गाडीतनं वेरूळला महादेवाला जाती. मी थांब्यावर येष्टीची वाट बघत उभी असले का काचेतनं हात हलवती मला. जळत नाय मी, पण इचार येतोच ना?" आणि हातातल्या पाटल्या काढून माझ्यापुढं ठेवल्या. "मोड ह्या."

तुम्हाला सांगते, एवढी भीती मला शिवमच्या तापातही वाटली नव्हती. दार सताड उघडं, आणि आडवं कुणीच नाही. आता बुडाले तर कुणामुळं बुडाले म्हणून सांगायचं? पाकिटात अळी निघाली तर, कुण्या अनोळखी बाळाचं पोट दुखलं तर, पुण्यातच कुणी असलंच स्वस्तात काढलं तर... तरी गेले हो वर. जिन्यात पाठ करत गेले, "श्रेया, मी तयार आहे, श्रेया, मी तयार आहे." तिनं दार उघडलं. "बोल, करायचं?"

आणि माझं तोंड म्हणालं, "पगारावर ठेवतेस का?"

ती म्हणाली, "अगं, निम्मं तुझं म्हणतेय मी."

"हो गं, पण पर्मनंट करशील ना? पीएफ कापता का?"

आत्यांनी पाटल्या परत हातात घातल्या आणि मग कन्नडला नणंदेला फोन लावून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं सांगितलं, "सून कंपनीत लागली." सोमवारपासून जातेय मी. तांदूळ जास्त भाजला गेला तर मला दारातूनच वास येतो, मी ओरडते, कढई उतरवा. बायांसमोर तिला मॅडम म्हणायचं मीच सुरू केलं, बरं दिसतं ते. काल शिवमच्या नादात जायला उशीर झाला, तर काही म्हणजे काही बोलली नाही. स्वभावानं चांगली आहे हो मालकीण.