फोडणीवर घेतलेला आळ

माहं माहेर वरवट बकाल, सासर वडनेर भोलजी. दोन्हीकडं भाजीपालाच. शाळा म्हणाल तं दुसरीपर्यंत, बाकी वाचाले मी बियाच्या पाकिटावर शिकली.

काय सांगू तुम्हाले, मले बीपी हाय, तं डॉक्टरनं मागच्या हिवाळ्यात गोळी बदलून देली. दोन-तीन हप्त्यांनी खोकला लागला, कोरडा, ठसका आला का थांबेच ना. मले वाटलं हे फोडणीचंच. सुनेले म्हटलं, रेखा, तुही मिरची मले मारून राह्यली वं. ते म्हणे, आत्या, मिरची तं तुमच्याच वावरातली हाय. तरी तिनं चूल आंगणात नेली, थंडीत कुडकुडत भाकरी थापे, आन् मी घरात बसून खोकलत तिलेच बोलू. नळावरच्या बायाइलेही सांगतलं, सून मले फोडणीनं मारते. ते तिच्या कानावर गेलं. रेखा म्हणे, मी माहेरी जातो, मंग पाहा खोकला जाते का. आन् गेली. खोकला काई गेला नाई बाप्पा!

मंग गोळ्या आणाले खामगावले गेली. दुकानदार नेहमी गोळ्याइचा पत्ता कापून देते, त्या रोजी नवं खोकं फोडलं तं आतून घडीचा कागद पडला. म्हटलं, मले दे. तो हासला, आजी, गोळी खाची का कागद? म्हटलं, काऊन रे बाबू, वांग्यावर फवाराच्या औषधाचा कागद आमी पुरा वाचून घेतो, आन् पोटात जाते त्याचा तू फेकून देतं?

कागद इंग्रजी. घरात बारावी झालेली एक रेखाच. फोन केला, ये वं माय. ते आली, अक्षराखाली बोट ठेवत वाचे, चक्कर, थकवा, आन् मंग थांबली. आत्या, इथं कोरडा खोकला लिवला हाय.

मी तं गोळ्या फेकाले उठली. ते म्हणे, आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरले इचारू. डॉक्टर म्हणे, बरं झालं बंद नाई केली, काहींले होते असा खोकला, पण आजी, तुम्ही सांगतलं काऊन नाई? आता फोडणीचा खोकला डॉक्टरले कोण सांगते! त्यानं दुसरी गोळी देली, महिन्याभरात खोकला गेला. तिचाही कागद आणला, त्यात रोग असे लिवले का वाचूनच माणूस खाटेवर पडते, पण डॉक्टर म्हणे सगळ्याइले सगळं होत नाई.

सुनेची माफी मांगाची रीत आमच्यात नाई, पण म्या मांगतली. ते म्हणे, मले माफी नको आत्या, जिथं बोलल्या तिथंच सांगा. नळावर सांगतलं, आता तुम्हाले सांगून राह्यली. तुम्ही हे लिवून राह्यले, तं तिचं नाव नीट लिवा बाप्पा, सुखी राहा.