बारशाचा फ्लेक्स

फ्लेक्सच्या दुकानात उजैर कॉम्प्युटरवर बसला होता आणि त्याच्या पाठीमागं बारशाआधीच बहीण-भाऊ हातघाईवर आले होते.

“अक्का, उद्या बाळाच्या कानात ‘कै’ एवढंच सांगायचं.”

“खोकल्यागत वाटतंय की रं!”

“हवाईत कै म्हंजे समुद्र. जपानीत शिंपला. कानडीत हात.”

“आणि?”

“थाईत कोंबडी. पण थायलंडला कोण जातंय?”

“आणि हवाईला रोज एसटी जाती व्हय? आत्या मी हाय. मी हंबीरराव सांगणार.”

“पावणं, बाळाचं पूर्ण नाव?” उजैरनं विचारलं.

“कै अमरसिंह घोरपडे. हा माझा आणि बाळाचा फोटो. तुमचा नंबर आमच्या फॅमिली ग्रुपवर घेतलाय, डिझाइन झालं की थेट तिथंच टाका.”

उजैरचा हात सवयीनं चालला. नावाआधी कै आलं, की फोटोतल्या थोरल्या माणसाला हार आणि खाली समई. झालं, टाकलं ग्रुपवर.

“अक्का, समदी भावपूर्ण श्रद्धांजली लिवाय लागल्यात!”

“पयला कोण?”

“सासरा.”

“पावणं, हार काढू का?”

“थांब पोरा. आधी ह्याच्या तोंडातनं हंबीरराव येऊ दे.”