सायलेन्सरची मोटार

काय सांगू रं, अख्खा रविवार गेला. माझ्या गाडीच्या सायलेन्सरात एक झडप हाय. ती उघडझाप करणारी बारकी मोटार अडकलती, म्हणून घरीच काढायला बसलो. जांबोटीला माहेरी जायचं म्हणून बायको सकाळपासून नवी साडी नेसून तयार.

दुपारी एकदाची मोटार निघाली. हात सोलून निघालते. किल्ली फिरवली, तर मीटरवर पिवळा दिवा. मेकॅनिकला फोन लावला.

तो म्हणाला, "अण्णा, केबल तेवढी सोडायची हुती. मोटारच काढली की दिवा लागणारच. परत बसवा."

मी तिथंच फरशीवर बसलो. बायकोनं चहा दिला.

"आईला फोन करून सांगितलं, गाडी खोलल्या, आज जमत न्हाय."

"काय म्हणाल्या?"

"जावयास्नी यायचं नव्हतं तर सरळ सांगायचं, म्हणाली. चांगली गाडी कशाला खोलायची?"