आ करा, सिनेमा सांगतो

...आणि तीन खून, दोन लग्नं, एक विमान अपघात, एवढं सगळं दाखवून झाल्यावर तो हीरो अंथरुणात उठून बसतो आणि म्हणतो, "बापरे, स्वप्न होतं!" अरे, स्वप्न होतं तर तुझं तू बघायचंस ना, घरी, पांघरूण घेऊन... आम्हाला कशाला बोलावलंस? माझा मेहुणा म्हणतो, त्यात फार खोल अर्थ आहे. असेल. विहीरही खोल असते, म्हणून काय आपण तिकीट काढून तिच्यात डोकावत बसतो? मी काही जाणकार नाही हं. मला प्रकाशयोजना कळत नाही, कॅमेरा कुठून कुठे गेला ते कळत नाही. आपण काय, तिकीट काढून बघणारा माणूस. पण तिकीट काढलंय म्हटल्यावर बोलणार.

तुम्हाला सांगतो, त्यात माझा धंदा दातांचा. सगळं थिएटर हीरोच्या डोळ्यांत बघतं, मी त्याच्या तोंडात बघतो. करणार काय? तो मारामारीचा आला बघा मागच्या महिन्यात, त्यात हीरोच्या जबड्यावर लोखंडी सळई बसते. चांगली खणकन बसते. मी सीटवर पुढे सरकलो, म्हटलं आता खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला, पुढचे चार दात तर गेलेच... आणि हा बाबा पुढच्या क्षणाला हिरॉइनकडे बघून हसतो. बत्तीसच्या बत्तीस जागेवर! मी बायकोला हळूच म्हटलं, "अगं, हे शक्य नाही, जबडा मोडायलाच हवा." ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "गप्प बसता, की मी मोडू?"

आणि तो जुन्या काळातला? दोनशे वर्षांपूर्वीचं गाव, दुष्काळ, माणसं झाडाची सालं चघळतायत, अंगावर धड कपडा नाही, आणि त्यातला ऐंशी वर्षांचा म्हातारा हसतो तर आतमध्ये नव्या न्हाणीघराच्या फरशा! लोक रडत होते हो. मी एकटा विचार करत होतो, ह्या म्हाताऱ्याचा डॉक्टर कोण?

आता हे सगळं बोलायचं कुणाशी? बायको म्हणते, "सिनेमा संपला, विषय संपला." मुलगी कानात ते गाण्याचं बोंडूक घालते. मेहुण्याला काही सांगायला जावं तर तो डोळे मिटून खोल अर्थ काढतो. उरलं कोण? पेशंट. माझ्या कामात कसं असतं, भूल दिली की ती चढेपर्यंत थांबावं लागतं, पेशंट घाबरलेला असतो, खुर्चीचे हात घट्ट धरून छताकडे बघत असतो. त्याचं मन दुसरीकडे न्यायला हवं की नको? मग मी म्हणतो, "आ करा," आणि सिनेमा सांगायला लागतो. एका हातात आरसा, एका हातात ड्रिल, पेशंटच्या गालात कापूस, ओठाला लाळ ओढणारी नळी. "बरोबर आहे ना माझं?" असं विचारलं की पेशंट म्हणतो, "आं." आं म्हणजे हो! इतकी वर्षं दवाखाना चालवतोय, माझ्या एकाही मताला कधी विरोध झालेला नाही. आमच्या सिस्टर एकदा म्हणाल्या, "डॉक्टर, विरोध करायला जीभ मोकळी लागते." पण त्या नळी धरून उभ्या राहतात, एकच सिनेमा दिवसभर ऐकतात, त्यांचं कुठे मनावर घ्यायचं?

तर अशात आमच्या कन्येनं लग्न ठरवलं. एकुलती एक पोर. मुलगा एकदा घरी येऊन गेला, शांत, नीट बसणारा, दातही उत्तम. वडील नाहीत त्याला, आईनं एकटीनं वाढवलेला. कन्या म्हणाली, "बाबा, त्याच्या आई रविवारी जेवायला येतायत. त्याचं आईशिवाय पान हलत नाही. आधी त्याचं एक ठरत होतं, तेव्हा मुलीचे वडील जेवताना काहीतरी लागट बोलले, त्याच्या आई ताटावरून उठल्या आणि तो विषय तिथेच संपला. त्यांना आपण आवडायला हवं बाबा... म्हणजे तुम्ही आवडायला हवे. आई आवडेलच."

मी म्हटलं, "त्या करतात काय?"

"लिहितात."

"काय लिहितात?"

"ते त्यांनाच विचारा. आणि बाबा, सिनेमावर नका हं बोलू."

आता बघा, पोरीनं इथेच "का" ते सांगितलं असतं तर पुढचं रामायण झालं असतं का? पण तिला वाटलं, आधी सांगितलं तर बाबा मुद्दाम एक सिनेमा बघून येतील आणि मतं तयार ठेवतील. आणि मला वाटलं, नेहमीचंच बजावतेय. तो सिनेमा मी आदल्याच दिवशी बघून बसलो होतो, हे तिला कुठे ठाऊक!

गुरुवारी सकाळी एक बाई आल्या. उजवा गाल एवढा सुजलेला, तोंडावरून रुमाल बांधलेला. सिस्टरनी नाव सांगितलं असेल, मी ऐकलं नाही. मी माणसं नावानं ओळखतच नाही, दाढेनं ओळखतो. खालची शेवटून दुसरी, मुळाशी पू. म्हटलं, "रूट कॅनाल करावं लागेल, दोन-तीनदा यावं लागेल, घाबरू नका." भूल दिली. बाई अगदी कडक होऊन बसलेल्या. मला दया आली हो! म्हटलं, ह्यांचं मन रमवू या.

"आ करा," म्हटलं. "तो नवीन आलाय, बंदरावरच्या बापलेकीचा, तो बघितलात का?"

बाई म्हणाल्या, "आं."

"नका बघू," म्हटलं. "मी पस्तावलो." आणि सुटलो ना मी! म्हटलं, पहिल्या अर्ध्या तासात कोणी बोलतच नाही, सगळे समुद्राकडे बघतात. समुद्र आम्हीही बघितलाय. मग बोलायला लागतात ते थांबत नाहीत. आणि कळस म्हणजे तो प्रसंग... बापाची दाढ दुखत असते, तो खोलीत जातो, पकड घेतो, स्वतःची दाढ स्वतः उपटतो, बाहेर येतो आणि सगळ्या गावासमोर भाषण देतो. लांबलचक! स्पष्ट उच्चारात! "बाई," म्हटलं, "दाढ काढलेल्या माणसाला धड 'पाणी' म्हणता येत नाही, आणि हा 'प्रतिष्ठा' म्हणतो, 'परंपरा' म्हणतो. बरोबर आहे ना माझं?"

"आं," बाई म्हणाल्या. जरा मोठ्यानं म्हणाल्या.

मला वाटलं, पटलं. मग तर मला चेवच चढला. मध्ये कसल्याशा कपाबिपाचंही काहीतरी बोललो, ते जाऊ द्या... आणि शेवटी म्हटलं, "आपण काय, तिकीट काढून बघणारी माणसं. पण ज्यानं कोणी हे लिहिलंय ना, त्याला एकदा माझ्या ह्या खुर्चीत आणून बसवा. भूल न देता दाढ काढतो आणि म्हणतो, आता दे भाषण!"

सिस्टर हसल्या. बाईंनी माझ्याकडे बघितलं. तुम्हाला सांगतो, दातांच्या डॉक्टरला पेशंटचे डोळे उलटे दिसतात, त्यामुळे त्यातला भाव चटकन कळत नाही.

काम झालं, कापूस काढला, बाईंनी चूळ भरली, रुमाल नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि सुन्न पडलेल्या तोंडानं म्हणाल्या, "रविवारी येते."

म्हटलं, "नाही नाही, रविवारी दवाखाना बंद. तुम्ही मंगळवारी यायचं."

"मंगळवारी दाढेला," बाई म्हणाल्या. शब्द घरंगळत होते, पण कळत होते. "रविवारी जेवायला. मी मुलाची आई. आणि तो सिनेमा... मीच लिहिलाय."

आणि गेल्या.

मी तिथेच बसलो. कुठे बसलो? पेशंटच्या खुर्चीत! सिस्टर माझ्याकडे बघत म्हणाल्या, "डॉक्टर, नळी लावू का? तुमचं तोंड उघडंच आहे."

घरी आलो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नेमकं काय काय बोललात, एकही शब्द न गाळता सांगा." मी सांगत गेलो, तिचा घड्या घालायचा वेग कमी होत गेला. समुद्रापर्यंत ठीक होतं. भाषणाला तिनं हातातली उशीची खोळ खाली ठेवली. खुर्चीपर्यंत आलो तेव्हा ती पलंगावर बसली. "म्हणजे लिहिणाऱ्याची दाढ भूल न देता काढीन, हे तुम्ही त्यांची दाढ धरून म्हणालात?"

म्हटलं, "भूल दिली होती गं."

"पोरीला काय सांगायचं?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. तेव्हा मात्र माझं खरोखर पाणी पाणी झालं. विनोद बाजूला. आमची पोर कधी हट्ट करणारी नाही, पहिल्यांदा काहीतरी स्वतःहून मागितलं होतं तिनं, आणि बापानं तोंडाच्या वाफेवर ते घालवलं. तिला आम्ही काही सांगितलं नाही. सांगायचा धीरच झाला नाही. ती बिचारी पडदे धुऊन लावत होती, मला विचारत होती, "बाबा, तुमचा निळा शर्ट इस्त्री करू?" मी आपला हो म्हणत होतो.

रविवार उजाडला. आल्या. गालाची सूज उतरली होती. बायकोनं सगळं मऊ केलं होतं, त्या डाव्या बाजूनं जेवत होत्या. मी? मी तोंडच उघडलं नाही. त्या म्हणाल्या, "घर छान आहे." मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "हवा बरी आहे आज." मी मान हलवली. कन्या माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, तुम्हाला बरं नाहीये का?" आणि तेवढ्यात त्या मुलानं, त्या उत्तम दातांच्या मुलानं, अगदी निरागसपणे विचारलं, "काका, आईचा सिनेमा बघितलात?"

बायकोच्या हातातला डाव वाटीवर आपटला. मी घास गिळला. आता ह्या उठणार... ताटावरून उठणार...

विहीणबाईंनी पाणी घेतलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बघितलाय त्यांनी. मला सगळा सांगितलाय." मग माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, त्या दिवशी घरी गेले आणि आरशासमोर उभी राहून ते भाषण म्हणून बघितलं. 'प्रतिष्ठा' आलं नाही. 'परंपरा' तर हनुवटीवरून ओघळली. इतकी मोठी मोठी माणसं होती त्या सिनेमात, एकानंही मला हे सांगितलं नाही."

मी कसंबसं म्हटलं, "मी काही जाणकार नाही..."

"थांबा," त्या म्हणाल्या. "समुद्राचं तुमचं चूक आहे, समुद्र राहणार. पण त्या कपाचं काय बोललात ते आठवतंय?"

आठवत होतं. लाज वाटत होती म्हणून मघाशी तुम्हालाही सांगितलं नाही. त्या सिनेमात लेक बोट पकडून निघून जाते, बाप घरी येतो, आणि तिचा चहाचा कप विसळायला घेतो. धुतलेलाच असतो कप. तो विसळतो, पुसतो, जागेवर ठेवतो, आणि पुन्हा उचलून विसळायला लागतो. बस, एवढंच. बोलत नाही काही. आणि मी, म्हाताऱ्याच्या दातांना हसणारा माणूस, तिथे ढसाढसा रडलो. खुर्चीतल्या बाईंना म्हटलं होतं, "ज्यानं हा कप लिहिला त्याचे पाय धरावेत. माझीही पोर आता जाईल हो. तिचाही एक कप आहे, कानाचा टवका उडालेला, बायको टाकून दे म्हणते, मी टाकू देत नाही." हे बोललो तेव्हा आरसा त्यांच्या तोंडातच राहिला होता आणि मी बाहीनं डोळे पुसत होतो.

विहीणबाई म्हणाल्या, "तो कप काढून टाका म्हणून सगळे माझ्या मागे लागले होते. कोण बघत बसणार, म्हणे. मी भांडून ठेवला. आणि खरं सांगू का डॉक्टर, माझ्या तोंडात तुमचे दोन्ही हात होते म्हणून मी शेवटपर्यंत ऐकलं. नाहीतर भाषणापाशीच उठून गेले असते, आज आले नसते, आणि हे कपाचं मला कधी कळलंच नसतं." मग कन्येकडे वळून म्हणाल्या, "तो कप तू सासरी आणू नकोस हं. इथेच राहू दे. यांना विसळायला लागेल."

काय सांगू तुम्हाला! गुरुवारपासून छातीवर जो धोंडा होता तो उतरला. कन्या रडत होती, बायको रडत होती, मुलगा काही न कळून सगळ्यांना पाणी देत होता, आणि मी तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. मंगळवारी विहीणबाई दाढेला आल्या, मी एक अक्षर न बोलता काम करत होतो, तर खुर्चीतून आवाज, "आं? आं?" सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, त्या विचारतायत, ह्या आठवड्यात काय बघितलंत?"

लग्न झालं. सगळं छान आहे. पोर सुखात आहे, दर रविवारी येते, त्याच कपातून चहा पिते. फक्त एक झालं. विहीणबाईंच्या ओळखी फार, त्यामुळे आता नवा सिनेमा आला की आम्हाला घरपोच पास येतो. पुढची रांग, मऊ खुर्ची, शेजारी खुद्द ज्यांचा सिनेमा ती माणसं. संपला की ते विचारतात, "कसा वाटला?" आणि मला बोलताच येत नाही हो! फुकट बघितलाय, कुठल्या तोंडानं बोलणार? परवाचा तर असा होता, असा होता, की जीभ नुसती वळवळत होती. पण आपण काय... तिकीट काढून बघणारा माणूस.

म्हणून मग दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून गुपचूप बाहेर पडतो, रांगेत उभा राहतो, तिकीट काढतो, आणि तोच रद्दड सिनेमा पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतो.