दहा पावलांवरची भुवई

माझ्या साखरपुड्याचा फोटो बघितलास ना? त्यातली डावी भुवई अर्धी काजळाची आहे.

त्या सकाळी आरशाला नाक लावून मी घरीच भुवया कोरायला बसले आणि डावी अर्धी उडवली. उजवीला चिमटा लावणार, तेवढ्यात शेजारच्या ठकूमावशी आल्या. मेंढरं कातरण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या लवळे गावात कुणी नाही.

"दुसरीला हात लावू नगंस! जवळनं कातरलं की मेंढरू उघडं पडतं. लांबनं बघाया लागतं."

मावशी स्वतःच दोऱ्यानं उजवीचे दोन केस काढायच्या, अंगणात जाऊन बघायच्या, परत यायच्या. उडालेल्या जागी काजळ असं भरलं, की मलाच ओळखू येईना.

संध्याकाळी सासूबाई कौतुकानं जवळ आल्या. "कुठलं पार्लर गं?"

मागून मावशी म्हणाल्या, "ताई, दहा पावलं मागं व्हा, आनि मग बघा."