तूती खानमच्या अकरा सवती

आजच्या बैठकीचे अध्यक्ष वजीरसाहेब, मानाच्या गालिच्यावर बसलेले आमचे मावळते मुस्तौफी मिर्झा फत्हुल्लाह, दप्तरातले सगळे मुनशी, आणि पडद्याच्या या बाजूला माझ्यासारखेच गुडघे चोळत बसलेल्या खानम मंडळी, सगळ्यांना या म्हातारीचा सलाम.

मला अक्षरओळख बेताचीच. पण नव्या मुस्तौफीची आई म्हणून "दोन शब्द बोला" म्हणाले. दोनावर मी कधी थांबलेय? गेल्या आठवड्यात माझ्या हिदायतला बादशहांनी खिलत, मानाचा झगा घातला हो! सगळ्या मुलखाचा जमाखर्च आता त्याच्या हाती. नातवंडं घरभर नाचतायत, आणि खरं सांगू, मीही.

आता आणखी एक खरं. तीस वर्षं मी तूती खानमवर जळले. मिर्झासाहेबांच्या पत्नी, या काय, माझ्या शेजारीच बसल्यात, गालात हसतायत. त्यांचे यजमान मुस्तौफी, माझे त्यांच्या हाताखाली. हमामात गरम पाण्याजवळचा कट्टा त्यांचा. नौरोजला, नव्या वर्षाच्या सणाला, बादशहांच्या अंगावरचा झगा त्यांच्याकडे जायचा, आमच्याकडे कोठारातली शाल, तीही कसर लागलेली. त्यांच्या मुरंब्याला माणकासारखा रंग, माझा काळाठिक्कर. आता मुरंब्याचा आणि पदाचा काय संबंध? पण जळणाऱ्याला संबंध लागतो का?

असो, मुद्द्यावर येते. आपल्याकडे पद सरकारचं, पण जमाखर्चाच्या वह्या मुस्तौफीच्या घरच्या. तो उठला की त्याही उठतात. मिर्झासाहेब उद्या तफ्रेशला, आपल्या गावी निघाले, तर अकरा पेट्या वह्या खेचरांवर चढणार. आणि माझा हिदायत? नौरोजला दोन आठवडे उरलेत. भर दरबारात बादशहा विचारणार, "किरमान सुभ्याकडून किती यायचंय?" तो काय सांगेल, आईला विचारून येतो? खिलत अंगावर यायला वीस वर्षं लागली, उतरायला एक दुपार पुरेल.

दोनदा तो मिर्झासाहेबांकडे गेला. "बाळा, तुझ्या वह्या तू लिही," एवढंच म्हणाले.

मग परवा मीच तूती खानमच्या दारात गेले. मी! मान खाली घालून!

"या, नेसा खानम. वाट चुकलात?"

"पेट्या मागायला आलेय. काय हसायचं ते हसून घ्या."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई गं, चाळीस वर्षं मी त्या पेट्यांवर जळतेय. लग्न होऊन आले त्या दिवशी यांनी आधी त्यांच्यावरची धूळ पुसली, मग माझ्याकडे बघितलं. गावी तरी मला नवरा मिळू दे. घेऊन जा त्या अकराही सवती!"

म्हणजे जळणारी मी एकटी नव्हते तर!

मिर्झासाहेब, उठू नका, चहा सांडेल. काल तुम्ही हमामात होतात तेव्हा पेट्या आमच्याकडे आल्या. तुमच्या ओसरीत दोरीनं आवळून ठेवल्यात त्या दुसऱ्याच पेट्या, त्यांत गाद्या आहेत. इतक्या मोठ्या मनानं तुम्ही आयुष्याची कमाई माझ्या मुलाला दिलीत, याबद्दल वजीरसाहेबांच्या साक्षीनं मी आपले आभार मानते. मंडळी, बघताय काय? आफरीन म्हणा की!

राहिली पेट्यांची किल्ली. ती तुमच्या कमरपट्ट्यात आहे. पडद्याखालून सरकवलीत तरी चालेल.

...आली! अगं बाई, खरंच आली! पण माझ्याकडे नाही, तूती खानमच्या हातात? काय म्हणाले? "तूच दे तिला. तुझ्याकडे बघायला मला फार उशीर झाला." ऐकलंत? अल्ला जन्नत देवो, आमच्या यांनी मला जन्मात साखरेच्या डब्याची किल्ली दिली नाही! आणि ही बघा, या वयात लाजतेय!

मिळाली किल्ली. हिदायतच्या वतीनं दोघांचे आभार, वजीरसाहेबांचे आभार. कमीजास्त बोलले असेन तर म्हातारीची बडबड म्हणून पोटात घाला. आणि तूती खानम, उद्या जरा पहाटेच निघा. तुम्हाला अशा आनंदात फार वेळ बघणं मला जमायचं नाही.